बाहेर बसलेली

आई बाहेर बसायला गेली की मी पहारा द्यायची. घरातलं हे माझं पहिलं काम. तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. द्राक्षबागेच्या कडेनं पाट जायचा, पाटाच्या पलीकडे घाणेरीची झुडपं होती. आई त्यांच्या आड टमरेल घेऊन बसायची आणि मी भरावावर उभी राहून बागेचा राखणदार येतोय का ते बघायची. तो दिसला की खोकायचं, असं आमचं ठरलेलं. राखणदार काही वाईट माणूस नव्हता. पाटाजवळ कोणाला बसू देऊ नको, असं मालकानं त्याला सांगितलं होतं. मग कुठे बसायचं, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले आणि खोकायची विसरले. आई टमरेल तिथंच टाकून, साडी आवरत, पाटाच्या पाण्यातून पळत आली. तिनं मला मारलं नाही. दिवसभर माझ्याशी बोलली नाही फक्त. टमरेल परत आणायला गेलो तर ते कोणीतरी नेलेलं होतं.

आम्ही सुरगाण्याकडचे. भात आणि नागली पिकायची, पण ती वर्षभर पुरेल एवढी कधी झाली नाही. भाताची लावणी उरकली की आईबाप छाटणीच्या कामाला बागांवर यायचे, कापणीला परत जायचे, कापणी झाली की पुन्हा बागांवर. जीपच्या टपावर हंडे, पातेली, गोधड्या, आत माणसांवर माणसं. माळावर चार बांबू रोवायचे, वर काळं प्लास्टिक टाकायचं, झालं घर. छाटणी झाल्यावर वेलीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावावी लागते. तिच्यात लावलेलं कळावं म्हणून रंग घातलेला असतो. आईची बोटं त्या दिवसांत गुलाबी असायची. ती गुलाबी बोटांनी भात कालवायची, त्याच बोटांनी माझी वेणी घालायची. मला वाटायचं, सगळ्या आयांची बोटं दिवाळीच्या सुमारास गुलाबी होतात.

माझं नाव दोन शाळांत होतं आणि मी कुठल्याच शाळेत नव्हते. शेवटी आईनं मला आश्रमशाळेत टाकलं. "तू हितंच राहा. आम्ही येत-जात राहू," म्हणाली. मी राहिले. दहावी झाले, बारावी झाले, नाशिकला कॉलेजात आले. आमच्या पाड्यावरची पदवी घेतलेली मी पहिली. माझा काळ्या झग्यातला फोटो आमच्या घरात देवांच्या वर लावलेला आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण ती पदवी घेताना मी आणखी काय काय शिकले, ते सांगायला बसले आहे.

नाशिकच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात मला कळलं की माझं बोलणं चुकीचं आहे. आमच्याकडे 'आहे'ला कोणी 'आहा' म्हणतं, कोणी 'हे'. मी म्हटलं, "माझी बॅग वर आहा," की मुली डोळे मोठे करून म्हणायच्या, "आहा! काय सुंदर बॅग!" मीही हसायची. दुसरं काय करणार?

मग गणपती आले. वसतिगृहात आरती होती आणि आमच्या खोलीतली एकजण खाली आली नव्हती. मी विचारलं, ती कुठाय? लासलगावकडची माझी मैत्रीण, मनानं खूप चांगली, ती हळूच म्हणाली, "अगं, ती बाहेर बसलीय."

मी काळजीनं म्हणाले, "इतका वेळ? पोट बिघडलंय का तिचं? टमरेलात पाणी तरी नेलंय का?"

मग आरतीचं तबक हातात असलेली मुलगी इतकी हसली की निरांजन विझलं. मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर बसणं म्हणजे पाळी आलेली असणं. अशा मुलीनं देवाजवळ यायचं नसतं. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या घरात आईनं त्या दिवसांत ना चूल सोडली, ना भाताचं खाचर. आमच्याकडे बाहेर बसणं म्हणजे परसाकडे जाणं, एवढंच.

त्या वर्षी मला 'टमरेल' नाव पडलं. "टमरेल, चहाला येतेस का?" "टमरेल, तुझा पेपर कसा गेला?" वर्षभर. प्रेमानंच म्हणायच्या, हे मान्य. पण मी ठरवलं की ही चूक पुन्हा करायची नाही. मी रेडिओवरच्या बातम्या ऐकून मोठ्यानं बोलायचा सराव केला. 'आहा' गिळला, 'हाय' गिळलं, 'नाय'चं 'नाही' केलं. तिसऱ्या वर्षी एका बाईंनी विचारलं, "तू पुण्याची का गं?" मी नुसती हसले. नाही म्हणाले नाही.

पदवीनंतर मला एका संस्थेत नोकरी लागली. पूर आला, वस्तीला आग लागली, साथ पसरली, की आमची गाडी निघते. आमच्या प्रमुख एक डॉक्टर मॅडम आहेत. साठीच्या, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. त्यांनी उमेदीची वर्षं निर्वासितांच्या छावण्यांत काढली. लढाईतून पळून आलेली माणसं, एका रात्रीत उभी राहिलेली तंबूंची गावं आणि त्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ. पटकीची खाट मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकली. प्लास्टिकच्या कापडाची खाट, मधोमध गोल भोक, खाली बादली. रोग्याला उठावं लागत नाही, आणि बादलीत किती गेलं ते बघून तेवढं पाणी पुन्हा शरीरात भरायचं. औषध म्हणाल तर हेच, गेलेलं पाणी परत देणं. वेळेवर कळलं तर पटकीनं माणूस मरायचं कारणच नाही, असं त्या नेहमी सांगतात. वेळेवर कळलं तर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. छाटणीचे दिवस होते. नाशिकपासून तासाभरावरच्या एका गावात, बागांच्या कडेला उतरलेल्या मजुरांत जुलाब सुरू झाले. गावातले लोक पटकी म्हणत होते, कागदावर गॅस्ट्रो लिहिलं जात होतं. नमुन्याचा निकाल आला तेव्हा ती पटकीच निघाली. आम्ही पोचलो तर पाटाच्या काठानं काळ्या प्लास्टिकची रांग, चुलींचा धूर, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. सगळे माझ्याच बाजूचे. पेठचे, सुरगाण्याचे. पाटाचंच पाणी प्यायचं, पाटाच्याच पलीकडे बसायचं. घाणेरीसुद्धा तीच.

डॉक्टर मॅडम गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "ही छावणीच आहे. फक्त ह्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही."

मी मान हलवली. मी इथंच वाढले, हे म्हणायला तोंडाशी आलं होतं. पण मी गळ्यात संस्थेचं ओळखपत्र घातलेलं होतं, हातात पेन होतं आणि त्यांना मी नाशिकचीच वाटत होते. राहू दिलं.

गावच्या शाळेच्या आवारात त्यांनी मांडव घातला, खाटा लावल्या. माझ्याकडे घरोघरचा सर्व्हे दिला. फॉर्मवर माणसांची नावं, वयं, 'जुलाब आहेत/नाहीत', 'उलट्या आहेत/नाहीत', आणि शेवटी 'शेरा'. अक्षर माझं चांगलं आहे, म्हणून अशी कामं नेहमी माझ्याकडेच येतात.

पाचव्या की सहाव्या पालात एक म्हातारी चुलीशी बसली होती. मांडीवर सात-आठ महिन्यांची नात, रडून रडून लाल झालेली. मी खाली वाकून विचारलं, "आजी, घरात कोण कोण असतं?"

"मी, ल्योक, सून, नि ही."

"कोणाला जुलाब होतायत? उलट्या?"

म्हातारी माझ्या पेनाकडे बघत म्हणाली, "सून बाहेर बसली हे. सकाळधरनं."

मी लगेच आवाज खाली आणला. समजूतदार हसले. "अहो, मग त्यात काय? ते काही आजारपण नसतं, आजी."

"नसतं?"

"नाही. सगळ्या बायकांना होतं. त्यात लाज कसली? पण तिला असं बाहेर कशाला बसवलंत?"

"मी कशाला बसवू? तीच आपली बसली."

"आता हे असं पाळत नाहीत, आजी. उन्हात बसवायचं नाही. आत घ्या तिला."

म्हातारी गोंधळून माझ्याकडे बघत होती. "आत कशी घिऊ, बाई? हितं लेकरू हे, चूल हे."

"चुलीला काही होत नाही! हे सगळं मनाचे खेळ असतात. तिला आत घ्या, झोपू द्या, स्वच्छ कपडा द्या."

"बरं," म्हातारी म्हणाली. शिकलेली बाई सांगते म्हणजे असेल, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी तिला पाण्यात टाकायच्या गोळ्या दिल्या. जुलाब 'नाहीत', उलट्या 'नाहीत' आणि शेऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'सून – म. पा. समुपदेशन केले.' म. पा. म्हणजे मासिक पाळी. मग पुढच्या पालाकडे गेले. खरं सांगायचं तर जाताना मला बरं वाटत होतं. आज एका बाईला जुनाट गोष्टीतून सोडवलं, असं वाटत होतं.

पलीकडे घाणेरी हलत होती की नाही, हे मी पाहिलं नाही. दहा पावलं चालले असते तरी दिसलं असतं.

तीनच्या सुमारास एक तरुण माणूस बायकोला खांद्यावर टाकून मांडवात पळत आला. मागून नात काखेत घेऊन तीच म्हातारी. सुनेचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे, आवाज बसून नुसता श्वास झालेला. लुगडं भिजून चिकटलं होतं आणि त्याला तांदळाच्या धुवणाचा रंग होता. डॉक्टर मॅडमनी मनगट धरलं, सोडलं, दुसरं धरलं. "नाडी लागत नाही. दोन्ही हातांना सलाईन लावा. चला!"

मी हात धरायला पुढे झाले. बोटं गुलाबी होती. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली आणि गार. ती पेस्ट लावणारी बोटं मी हातात धरली आणि मला कळलं. सगळं एकदम कळलं. सकाळी म्हातारीनं वापरलेले शब्द, मी ऐकलेला अर्थ, आणि खरा अर्थ. तो मला आईच्या दुधाबरोबर मिळाला होता.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

नवरा म्हणाला, "माला नाय म्हायत. मी उजाडताच बागेत गेलतो."

"सकाळधरनं," म्हातारी म्हणाली.

डॉक्टर मॅडमनी मान न वळवता मला विचारलं, "पालांची ही ओळ तू केलीस ना गं सकाळी?"

"हो."

"मग?"

मी म्हणाले, "सांगितलं नाही त्यांनी."

हे तीन शब्द मी बोलले. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते. अजूनही कधी भाजी निवडताना, कधी बसची वाट बघताना ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. स्वच्छ, शुद्ध, एकही चूक नसलेलं मराठी.

डॉक्टर मॅडम म्हातारीवर कडाडल्या. "आजी, लपवलंत का? सकाळी कळलं असतं तर पोरीवर ही वेळ आली नसती! आम्ही दारात येऊन विचारलं ना?"

म्हातारी म्हणाली, "मी सांगतलं ना बाईला."

"सांगितलं असतं तर तिनं लिहिलं नसतं का?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. ती वाट बघत होती. मी काहीतरी बोलेन, असं तिला वाटत होतं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. मग तिनं डोळे खाली केले आणि खाटेजवळ जमिनीवर बसली. नातीला चमच्यानं भाताची निवळ पाजू लागली.

सून जगेल की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. थेंबांवर नजर ठेवून सगळे थांबले होते. पहिली नाडी लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, "मूत्रपिंडं साथ देतात का बघायचं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

त्या दिवशी सर्व्हेचे कागद पक्के करून ग्रामपंचायतीत द्यायचे होते. कच्च्या फॉर्मवर डाग पडतात, खाडाखोड असते, म्हणून मी नेहमी नवीन प्रत करते. त्या ओळीपाशी आले. 'म. पा. समुपदेशन केले' हे मी नव्या कागदावर लिहिलं नाही. त्या जागी लिहिलं, 'माहिती दिली नाही.' कच्चा कागद चार घड्या करून पिशवीत ठेवला. फाडला नाही. का नाही फाडला, हे मला नीट सांगता येणार नाही. प्रामाणिकपणा म्हणून नक्कीच नाही. फाडताना कोणी बघेल, अशी भीती वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालांच्या रांगेत गेले तर सगळं बदललेलं होतं. मला लांबून बघूनच बायका लेकरांना आत घेत होत्या.

"कोणाला जुलाब?"

"नाय."

"काल रात्रीपासून कोणाला काही?"

"नाय, नाय. सगळी बरी."

एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "इचारा, इचारा. आमी काय बी सांगू दे, तुमच्या कागदात तुमचंच येतं." बाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण त्यात गंमत नव्हती. म्हातारीला सगळ्यांसमोर लपवाछपवी करणारी म्हटलं गेलं होतं. ती लपवणारी नव्हती, हे माळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मग सांगण्यात अर्थ काय?

दुपारपर्यंत दोन माणसं मांडवात आली, दोन्ही उचलून आणलेली, दोन्ही उशिरा. डॉक्टर मॅडम कपाळ चोळत म्हणाल्या, "हे मी पाहिलंय. छावणीतल्या माणसांचा आपल्यावरचा विश्वास उडाला की ती रोगी आत ठेवून प्लास्टिक बंद करून घेतात. मग आपण खाटा लावून बसायचं आणि ते मरायचे. पण इथं झालं काय? पहिल्या दिवशी तर बोलत होते."

मी पाण्यात टाकायच्या गोळ्यांची पाकिटं मोजत राहिले.

चार वाजता ग्रामपंचायतीत गावकऱ्यांनी बैठक बोलावली. पडवी माणसांनी भरली होती. ज्यांच्या बागेवर हे मजूर होते ते बागायतदार पुढे बसले होते. बोलायला सभ्य, पांढरा सदरा, हातात मोबाइल. म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पण गावात शाळा आहे, लहान पोरं आहेत. आम्ही जीपा सांगितल्यात. ज्याला त्याला आपापल्या गावाला सोडून येतो. भाडं आमचं."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नका सोडू. आज बरा दिसणारा माणूस उद्या आजारी पडेल, आणि तेव्हा तो डोंगरातल्या पाड्यावर असेल. तिथल्या एकुलत्या विहिरीवर. दवाखाना किती तासांवर? तुम्ही साथ हलवताय, संपवत नाही."

"मान्य. पण इथं ठेवायचं तर खरं सांगणारी माणसं पाहिजेत ना? तुमच्याच माणसांनी लिहिलंय." त्यांनी कागद पुढे धरला आणि वाचलं, "'माहिती दिली नाही.' आता लपवणाऱ्या लोकांना गावाच्या पाण्याजवळ कसं ठेवू, सांगा तुम्ही."

किती छान अक्षर होतं ते. लांबूनही वाचता येत होतं.

जीपा बाहेर उभ्याच होत्या. एकीच्या टपावर चढून ड्रायव्हर दोर सोडत होता. त्या टपावर कुठे हंडे ठेवतात, कुठे गोधड्या, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "तो शेरा खोटा आहे. मी लिहिलाय." पिशवीतून कच्चा कागद काढला. घड्या उघडताना तो इतका वाजला की मागची माणसंसुद्धा माना वर करून बघू लागली. "त्या आजींनी मला सकाळीच सांगितलं होतं. सून बाहेर बसलीय म्हणाल्या. मी त्याचा अर्थ पाळी असा घेतला. तसंच लिहिलं. त्यांना म्हणायचं होतं की ती परसाकडे बसून आहे, सकाळपासून."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. ग्रामसेवक मान खाली घालून बुटाकडे बघत होते. चाळीस पुरुषांसमोर 'पाळी' आणि 'परसाकडे' हे दोन शब्द बोलायचे, ह्याची मला लाज वाटेल, असं वाटलं होतं. ती वाटली नाही. दुसरीच वाटली.

बागायतदार म्हणाले, "अहो ताई, पण तुम्ही शहरातल्या. तुम्हाला त्यांची भाषा कशी कळणार? होतं असं." त्यांना मला सांभाळून घ्यायचं होतं.

सुटकेची ती चांगली वाट होती. मी म्हणाले, "मी शहरातली नाही. मी सुरगाण्याची. असल्याच पालात वाढले. माझी आई हेच म्हणते, ह्याच शब्दांत. मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी त्यांच्यावर ढकललं. त्या माणसांनी काहीही लपवलेलं नाही. लपवलं ते मी."

डॉक्टर मॅडमनी कच्चा कागद हातात घेतला, वाचला. मला म्हणाल्या, "हे तू मला काल सांगायला पाहिजे होतंस." बस, एवढंच. मग त्यांनी पक्क्या प्रतीवरची माझी ओळ सगळ्यांसमोर खोडली आणि बागायतदारांना म्हणाल्या, "तीन दिवस द्या मला. आणि तुमच्या बोअरचं पाणी. पाट बंद."

बागायतदारांनी दोन्ही कागदांकडे बघितलं, बाहेरच्या जीपांकडे बघितलं. "तीन दिवस," म्हणाले. "चौथ्या दिवशी जीपा परत येतील."

मांडवात गेले तेव्हा म्हातारी सुनेच्या खाटेशी बसली होती. पोरीनं डोळे उघडले होते, लघवी झाली होती. मांडवातल्या नर्स ती बातमी एकमेकींना बारशाची असावी तशी सांगत होत्या. मी म्हातारीसमोर खाली जमिनीवर बसले. चूक माझी आहे, हे सांगताना किती वर्षांनी आमची बोली तोंडात आली. "आयी, चूक मानी आहा."

तिनं चमकून बघितलं. "कुठली गं तू?"

मी पाड्याचं नाव सांगितलं. तिला तो पाडा माहीत होता. तिच्या माहेरापासून दोन डोंगर पलीकडे.

तिनं सुनेच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मंग तुला कसं कळलं नाय?"

ह्याचं जे उत्तर आहे, ते आजही तिला सांगण्यासारखं नाही. आरतीच्या वेळी काही मुली हसल्या म्हणून मी माझ्या आईची भाषा विसरले, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. नात माझ्या मांडीवर टाकली. "धर हिला. माला बाहेर जायचं हे." मांडवाच्या तोंडाशी थांबून ती मागे वळली. "मी बरी हे हां. नायतर लिवशील कायतरी."

ती परत आल्यावर थोड्या वेळानं डॉक्टर मॅडम आल्या आणि सगळ्यांच्या देखत तिच्यापुढे हात जोडले. म्हातारी म्हणाली, "ऱ्हावू द्या. पोर जगू द्या म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेला ती माझ्यापुढे चालली. मी फॉर्ममधला प्रश्न विचारलाच नाही. ती प्रत्येक पालाच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "कोण बाहेर बसलं हे? किती डाव?" आतून उत्तरं येत होती. विडीवाला म्हातारा म्हणाला, "मी बसलो हे, पाच डाव. लिवा नीट. पाळी नका लिवू!" ह्या वेळी बायका पदर न लावता हसल्या. मीही हसले आणि हसता हसता मान खाली घातली. तो आणि आणखी काहीजण स्वतःच्या पायांनी चालत मांडवात आले. साखर-मिठाचं पाणी प्याले, बोअरच्या नळाखाली हात धुतले. माळाच्या दुसऱ्या टोकाला बसायला चर खणले, भोवती गोणपाटाचे आडोसे केले. बाईमाणसाला पहारा लागणार नाही, एवढे उंच करा, असं मी सांगितलं.

मी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परत खोकायची इसरलीस."

डॉक्टर मॅडमनी मला नोकरीवर ठेवलं. माझ्या फाइलमध्ये मात्र दोन्ही कागद एकत्र टाचलेले आहेत, कच्चा आणि पक्का. टाचणी मीच मारली. मला कोणी शाबासकी दिली की मी ते कागद आठवते. मग शाबासकी घेते. पदवी माझी आहे, चूकही माझीच आहे.

चौथ्या दिवशी जीपा आल्या आणि रिकाम्या परत गेल्या. म्हातारीची सून आठवड्यानं चालत आपल्या पालात गेली. त्या माळावर त्या साथीत पटकीनं कोणी मेलं नाही. आमच्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न असा आहे: 'सकाळपासून किती वेळा बाहेर बसायला गेलात?'